सवयी बदलल्या की नाही हे मोजायचं कसं? पुण्यात पहिल्यांदाच फॉलोअप सर्वे करणाऱ्यांसाठी

एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) किंवा एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य) शेवटच्या वर्षाला असाल, नाहीतर एखाद्या संस्थेत नुकतेच लागला असाल आणि वरून फर्मान आलं असेल की "आपल्या कार्यक्रमामुळे लोकांच्या सवयी किती बदलल्या ते जरा मोजा", तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी पुण्यात वस्त्यांमधे आणि सोसायट्यांमधे असे सर्वे केलेत, आधी स्वतः फॉर्म घेऊन जिने चढत आणि नंतर टीम सांभाळत, आणि दरवर्षी नवीन आलेली मुलं-मुली त्याच त्याच ठिकाणी अडकतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं क्रमाने लिहून काढावं.

सुरुवातीलाच एक सांगते. पहिली फेरी कुणीही करतं. फॉर्म छापले, आशाताईंना सोबत घेतलं, दारं वाजवली, झालं. बदल मोजायचा म्हणजे दुसरी फेरी आली, आणि तेव्हा तोच माणूस सापडला पाहिजे, त्याला तोच प्रश्न तसाच विचारता आला पाहिजे, आणि मधे सण किंवा ऋतू बदलल्यामुळे उत्तर बदललेलं नसलं पाहिजे. खाली जे काही आहे ते सगळं या दुसऱ्या फेरीच्या सोयीसाठी आहे. पहिल्या फेरीत यातलं निम्मं काम उगाचच वाटेल, तरी करा.

१) आधी ठरवा: तीच माणसं, की नुसती तीच वस्ती?

दोन प्रकार असतात आणि त्यांची सर्रास सरमिसळ होते. एकात दर फेरीला नवीन माणसं निवडतात, दुसऱ्यात तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठतात.

एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पहिल्या प्रकारात येतो. चौथी फेरी २०१५-१६ ची, पाचवी २०१९-२१ ची, पण घरं दर वेळी वेगळी. तंबाखूसाठीचा गॅट्स सर्वेही तसाच. २००९-१० मधे भारतातले ३४.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, २०१६-१७ मधे हा आकडा २८.६ टक्क्यांवर आला. छान आहे, पण यातून "इतक्या लोकांनी तंबाखू सोडला" असं म्हणता येत नाही, कारण काहींनी सोडला असेल, काही वारले असतील, आणि नवीन अठरा-वीस वर्षांची जी पोरं मोजणीत आली त्यातल्या बऱ्याच जणांनी मुळात सुरूच केला नसेल. आकडा खाली आला एवढंच खात्रीने कळतं. कोण बदललं ते कळत नाही.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ मधे पुण्याजवळच्या सहा गावांत पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू केली. तेव्हा जी बाळं पोटात होती ती आज तिशीच्या आसपासची माणसं आहेत आणि टीम अजून त्यांच्या मागावर आहे. आपल्याला एवढं ताणायचं नसतं, सहा महिने किंवा वर्षभर पुरतं, पण स्वभाव तोच, त्याच माणसाकडे परत जायचं.

तुमचा प्रश्न "लोकांनी सवय बदलली का" असा असेल तर तीच माणसं घ्या. "वस्तीत एकूण वापर कमी झाला का" एवढाच असेल तर नवीन माणसं चालतील आणि स्वस्तातही पडेल. पण पहिल्या फेरीत ना आयडी ना फोन नंबर, आणि मग दुसऱ्या फेरीत जे सापडतील ते दोनशे घेऊन "आधी आणि नंतर" असा तक्ता करायचा, हे मात्र करू नका. असे रिपोर्ट मी खूप पाहिलेत, दिसायला सुंदर असतात, आत काही नसतं.

२) सवय एकच घ्या आणि तिची व्याख्या कागदावर लिहून काढा

"आरोग्यदायी जीवनशैली" असलं काही मोजता येत नाही. चालणं, तंबाखू, मीठ, दारू, झोप, गोळ्या वेळेवर घेणं यातलं एक मुख्य म्हणून निवडा, बाकीचं जोडीला एखाद-दोन प्रश्नांत ठेवा.

निवडलं की व्याख्या. "तंबाखू सोडला" म्हणजे मागच्या ७ दिवसांत एकदाही घेतला नाही, की मागच्या ३० दिवसांत, की ठरवलेल्या तारखेपासून एकदाही नाही? तिन्ही चालतात, तिन्हींचे आकडे वेगळे येतात, आणि पहिल्या फेरीआधी ठरवलं नाही तर शेवटी साहेब ज्यात आकडा चांगला दिसतो ती व्याख्या निवडतात. (साहेबांचा दोष नाही, आकडे समोर असले की कुणालाही मोह होतो.)

आपल्याकडे तंबाखूत अजून एक भानगड आहे ती म्हणजे मिश्री. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की मावशी ठामपणे नाही म्हणतात, आणि खिडकीत मिश्रीची डबी असते. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: मिश्री, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, तपकीर, बिडी, सिगरेट. गुटख्यावर २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी आहे त्यामुळे तिथे लोक जरा आवरून उत्तर देतात, तो प्रश्न पोलिसी थाटात विचारू नका.

सोडलं किंवा नाही सोडलं याच्या मधलंही बरंच काही असतं, त्यासाठी प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ मधे सिगरेट सोडणाऱ्यांवरून मांडलेलं टप्प्यांचं मॉडेल वापरतात. पुढच्या सहा महिन्यांत सोडायचा विचारच नाही, विचार आहे, महिन्याभरात सोडायची तयारी आहे, सोडलं पण सहा महिने व्हायचेत, आणि सहा महिन्यांच्या वर टिकवलंय, असे पाच टप्पे. फायदा असा की ज्याने अजून सोडलं नाही पण पहिल्या टप्प्यावरून तिसऱ्यावर आलाय तोही दिसतो. तोटा असा की या तीस दिवस आणि सहा महिन्यांच्या रेघा तशा मनानेच मारलेल्या आहेत आणि माणसं त्यावरून पुढे-मागे उड्या मारत असतात. माझं मत विचाराल तर हे जोडीला ठेवा, मुख्य निकाल यावर टांगू नका.

३) प्रश्नावली स्वतः लिहायला बसू नका

तयार आणि तपासलेल्या प्रश्नावल्या फुकट मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेची स्टेप्स नावाची पूर्ण प्रश्नावली आहे, तंबाखू, दारू, खाणं, हालचाल, बीपी, साखर सगळं त्यात येतं, पाहिजे तेवढा भाग उचला. नुसत्या हालचालीसाठी त्यांचीच जीपॅक आहे, १६ प्रश्नांची. हालचालीसाठीच आयपॅक नावाची दुसरी एक आहे, तिचा छोटा फॉर्म ७ प्रश्नांचा. यातला फरक नीट लक्षात ठेवा, जीपॅक तुमच्या नेहमीच्या आठवड्याबद्दल विचारते आणि आयपॅक मागच्या सात दिवसांबद्दल. म्हणजे पहिल्या फेरीला एक आणि दुसरीला दुसरी वापरली तर सगळं मुसळ केरात. "वर्षभरात हे नवीन व्हर्जन आलंय, चांगलं आहे" असं कुणीतरी सुचवतंच. नको म्हणा.

सवय किती अंगवळणी पडली, म्हणजे न ठरवता आपोआप होते का, हे मोजायचं असेल तर व्हर्प्लँकेन आणि ऑरबेल यांची २००३ ची १२ वाक्यांची मोजपट्टी आहे आणि तिच्यातूनच काढलेली ४ वाक्यांची छोटीही आहे. फील्डवर छोटीच बरी, बारा वाक्यं ऐकेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होतात आणि माणूस आत निघून जातो.

मराठी करताना एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजी करायचं, आणि जुळतंय का बघायचं. मग त्याच प्रकारच्या पण दुसऱ्या वस्तीत दहा-पंधरा जणांवर फॉर्म चालवून बघा. इथे एक नमुना देते, म्हणजे प्रश्न कसा उलगडावा लागतो ते कळेल:

"काकू, तुम्ही रोज चालायला जाता का?"
"हो, रोज जाते की."
"काल किती वेळ चाललात?"
"काल नाही गेले गं, पाहुणे आले होते."
"बरं, परवा?"
"परवा गुरुवार. दत्ताच्या देवळात गेले होते. जाऊन-येऊन अर्धा तास धर. पण आरतीला बसले पण होते थोडा वेळ."
"बसल्याचा वेळ सोडून?"
"मग वीसेक मिनिटं."

रोजचं चालणं दोन दिवसांत वीस मिनिटांवर आलं. काकू थापा मारत नाहीयेत, विचारलं की प्रत्येकजण आपल्या चांगल्या दिवसाचंच सांगतो. म्हणून मागच्या आठवड्याबद्दल विचारायचं असेल तर कालपासून एकेक दिवस मागे जायचं, आणि दोन्ही फेऱ्यांना असंच जायचं. एका फेरीत सरळ "रोज किती?" आणि दुसरीत दिवसामागून दिवस असं विचारलंत तर सगळी वस्ती सहा महिन्यांत आळशी झालेली दिसेल.

घरकामही हालचालीत धरलं जातं हे विसरू नका, पाण्याचे हंडे वाहणं, फरशी पुसणं, धुणं. जीपॅकमधे कामाच्या भागात ते येतं. त्यासाठी चित्रांची कार्डं करून घ्या आणि ती आपल्याकडची करा, स्टेप्सच्या माहितीपत्रकातही देशाप्रमाणे चित्रं बदला असंच सांगितलंय. टेनिस खेळणारी बाई दाखवून जनता वसाहतीत काही उपयोग नाही.

हिशोब सोपा आहे. जीपॅकमधे मध्यम हालचालीच्या मिनिटांना ४ ने गुणतात, जोराच्या हालचालीला ८ ने. या गुणाकारांची आठवड्याची बेरीज निदान ६०० व्हावी ही खालची रेघ, म्हणजे १५० मिनिटं मध्यम. रोज अर्धा तास, पाच दिवस, झाले ६००. जीपॅक सलग १० मिनिटांच्या वरचीच हालचाल धरते, आणि संघटनेच्या २०२० च्या नव्या शिफारशींनी ती दहा मिनिटांची अट काढून टाकली. तरी तुमच्या पहिल्या फेरीत अट होती तर दुसऱ्या फेरीतही ठेवा.

४) कालनिर्णय समोर घ्या आणि मग तारखा ठरवा

ही पायरी पुस्तकात एका ओळीत उरकतात, आपल्याकडे मात्र सगळा खेळ इथेच आहे.

समजा दारूचा सर्वे आहे. पहिली फेरी गटारीच्या आसपास झाली आणि दुसरी पंधरा दिवसांनी श्रावणात. दारू कमी, मटण कमी, सगळंच कमी, आणि कार्यक्रमाचे लोक पेढे वाटायला मोकळे. भाद्रपदात गणपती झाले की सगळं परत जागेवर येतं, तेव्हा मोजायला कुणी जात नाही. चालण्याचंही तसंच. थंडीत तळजाईला नाहीतर वेताळ टेकडीवर सकाळी गाडी लावायला जागा नसते, तीच माणसं जुलैमधे पाऊस आणि निसरड्या वाटेचं कारण सांगून घरी असतात. आषाढी वारीला जाणारं कुणी तुमच्या यादीत असेल तर त्याचे ते तीनेक आठवडे धरून चालणारच नाहीत, आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या घरातलं चालणं आहे. चातुर्मासात कांदा-लसूण आणि मांसाहार सोडणारे असतात, दिवाळीला फराळ, मे मधे आंबे आणि अर्धी वस्ती गावाला.

म्हणून शक्य असेल तर दोन फेऱ्यांमधे बरोबर वर्ष ठेवा, म्हणजे ऋतू तोच येतो. अधिक महिना आला की सण आदल्या वर्षापेक्षा एकोणीस-वीस दिवस पुढे सरकतात, तेवढं बघून घ्या. वर्षभर थांबता येत नसेल तर शेजारची, कार्यक्रम नसलेली वस्ती त्याच तारखांना मोजा. तिथेही तेवढाच फरक पडला तर तो श्रावणाचा आहे, तुमचा नाही.

आणि कृपा करून एकविसाव्या दिवशी फॉलोअप ठेवू नका. "२१ दिवसांत सवय लागते" हे सगळीकडे फिरत असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे फिलिपा लॅली यांच्या टीमने ९६ जणांना ८४ दिवस रोज नोंद करायला लावून बघितलं, ते २०१० मधे छापून आलं. सवय आपोआप व्हायला लागणारा मधला आकडा ६६ दिवस निघाला आणि माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा फरक, त्यातला मोठा आकडा अर्थातच गणिताने पुढे ओढून काढलेला. तीन महिने, सहा महिने आणि वर्ष असे टप्पे ठेवलेत तर काहीतरी अर्थाचं हाती लागेल.

५) किती माणसं घ्यायची

सूत्र संख्याशास्त्राच्या माणसाकडून करून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त गळती, म्हणजे दुसऱ्या फेरीत न सापडणारी माणसं, धरताना एक चूक सगळे करतात. शेवटी २०० माणसं हवीत आणि २० टक्के गळतील असं वाटत असेल तर २४० घेऊन भागत नाही, कारण २४० तले २० टक्के गेले की १९२ उरतात. २०० ला ०.८ ने भागा, २५० घ्या. भाड्याने राहणारे जास्त असतील, म्हणजे बांधकामाच्या कडेच्या वस्त्या वगैरे, तर गळती अजून जास्त धरा.

६) परवानग्या आणि कागदपत्रं

एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात माणसांचे हक्क जपले जातात ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी पहिल्या फॉर्मच्या आधी लागते, नंतर मागितली तर मिळत नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या कमिट्या धरून चालतात. नुसत्या प्रश्नावलीचा अभ्यास असेल तर बऱ्याचदा पूर्ण बैठकीची वाट न बघता लवकरच्या पद्धतीने बघतात, पण ते ठरवणार कमिटी, तुम्ही नाही. संस्थेची स्वतःची कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी लेखी करार करून जाता येतं. तुम्ही स्वतः काही उपक्रम राबवून त्याचा परिणाम मोजणार असाल तर सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणीचं विचारून घ्या, १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला माणूस घेण्याच्या आधीच नोंदणी करावी लागते.

पिशवीत काय काय पाहिजे:

- मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स, ओळखपत्र, संस्थेचं पत्र
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत, आणि हिंदीतही. वस्तीप्रमाणे कन्नड किंवा तेलुगू बोलणारा माणूस सोबत लागतो
- सही येत नसेल तर अंगठा आणि बाहेरचा साक्षीदार. शाळकरी मुलं असतील तर पालकांच्या संमतीबरोबर मुलाचीही वेगळी संमती
- महापालिकेच्या दवाखान्यातून किंवा आशाताईंमार्फत जाणार असाल तर पालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र
- सोसायटी असेल तर चेअरमन किंवा सेक्रेटरीला आधी दिलेलं पत्र आणि त्यावर पोच
- चित्रांची कार्डं, फॉर्म, माग ठेवायचं रजिस्टर, चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक

फॉर्म फोनवर भरायचे असतील तर कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके घ्या, दोन्ही नेटशिवाय चालतात, संध्याकाळी वायफायमधे आल्यावर डेटा पाठवायचा. कागदी करायचे असतील तर अप्पा बळवंत चौकात ढिगाने झेरॉक्स स्वस्त पडते, फक्त पानं नंबरवार लावून घ्या.

आधार नंबर घेऊ नका. गरज नसते, आणि घेतलात की कमिटीही विचारते आणि लोकही दार लावतात. स्वतःचा कोड द्या, वस्ती-घर-माणूस असा, आणि नाव व कोड जुळवणारी यादी वेगळ्या फाईलमधे पासवर्ड लावून ठेवा.

७) पहिली फेरी: माणूस परत सापडेल अशी नोंद करा

फॉर्ममधल्या उत्तरांइतकंच हे पान महत्त्वाचं. नुसता एक फोन नंबर पुरत नाही, रिचार्ज संपतो, सिम बदलतं, फोन नवऱ्याकडे असतो. स्वतःचा एक, घरातल्या दुसऱ्याचा एक, आणि गावाकडच्या किंवा माहेरच्या कुणाचा एक, असे तीन घ्या आणि त्यांच्या नंबरवर फोन करायची परवानगी संमतीपत्रातच घ्या. घराचा पत्ता पोस्टासारखा लिहू नका. "गणपती मंदिराच्या मागचा बोळ, पिठाच्या गिरणीच्या वर, हिरवं दार, पत्र्यावर टाकी" असं लिहिलं की सहा महिन्यांनी दुसरी मुलगीही तिथे पोचते. बायकांचं नाव लिहिताना वस्तीत हाक कुठल्या नावाने मारतात ते पण लिहा, रेशनकार्डावर मंगल असतं आणि गल्लीत सगळ्यांना बेबीताईच माहीत असतात.

घरी जायच्या वेळा: वस्तीत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका सकाळी नसतात, दुपारी दोननंतर भेटतात, रिक्षावाले आणि मजूर रात्री आठनंतर किंवा रविवारी. पेठांमधे आणि कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत दुपारी एक ते चार बेल वाजवायची हिंमत करू नका, कारण सांगायला नको. कुलूप असेल तर वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा जा आणि मगच "भेटले नाहीत" लिहा, नाहीतर तुमच्या सर्वेत फक्त दिवसभर घरी असणारी माणसं येतात.

मोजमापं घेणार असाल तर: बीपीआधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या उंचीला. स्टेप्सच्या पद्धतीत तीनदा घेतात आणि शेवटच्या दोनची सरासरी धरतात. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी जास्त दिसतं, त्यामुळे दोन मापांचे पट्टे ठेवा. वजनकाटा ओबडधोबड शहाबादी फरशीवर ठेवला की किलो-किलोचा फरक दाखवतो, म्हणून एक प्लायवूडचा सपाट तुकडा सोबत न्या आणि रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासा. तंबाखूसाठी लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासतात, पण त्याचं प्रमाण शरीरात दिवसाभरात निम्म्याच्या आसपास येतं, म्हणजे मागच्या दोन-चार दिवसांचंच कळतं. महिनाभरापूर्वी काय होतं ते त्यातून निघत नाही.

कुणाचं बीपी खूप जास्त निघालं तर चिठ्ठी देऊन जवळच्या दवाखान्यात पाठवायलाच हवं, अभ्यास बिघडेल म्हणून गप्प बसायचं नाही. पण त्या चिठ्ठीनेही माणूस मीठ कमी करतो, हेही खरं. शेजारच्या तुलनेच्या वस्तीतही तशीच चिठ्ठी द्या आणि कुणाला दिली त्याची नोंद ठेवा.

८) मधल्या काळात गायब होऊ नका

दोन-तीन महिन्यांनी एक फोन, दिवाळीचा मेसेज, नंबर चालू आहे का बघायला. एवढंच. आरोग्याचे सल्ले पाठवू नका, नाहीतर तुम्हीच कार्यक्रम होऊन बसाल. घर बदललं असेल तर लगेच रजिस्टरमधे. वस्तीतल्या एखाद्या मंडळाच्या किंवा बचत गटाच्या ताईंशी ओळख टिकवा, कोण कुठे गेलं ते त्यांना तुमच्या रजिस्टरपेक्षा चांगलं माहीत असतं. पण कुणाचं काय उत्तर होतं हे त्यांच्यासमोर चुकूनही बोलू नका.

९) दुसरी फेरी

प्रश्न तेच, क्रम तोच, विचारायची पद्धत तीच. पहिल्यांदा घरी जाऊन विचारलं असेल तर आता फोनवर उरकू नका, दारूबद्दल फोनवर माणूस वेगळं बोलतो आणि शेजारी सासू बसलेली असताना वेगळं. मागच्या वेळचं उत्तर फॉर्म भरणाऱ्याला दिसू देऊ नका. "मागे तर तुम्ही रोज म्हणाला होतात" असं म्हटलं की समोरचा परत रोजच म्हणतो. आणि ज्या मुलीने कार्यक्रमात व्याख्यानं दिली तिलाच फॉर्म भरायला पाठवू नका, तिच्यासमोर "अजून मिश्री लावते" असं कोण म्हणणार, ती इतकी मनापासून सांगत होती.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या न सापडणाऱ्या माणसांत जातो. बजेटमधे त्यासाठी दिवस राखून ठेवा. जी माणसं सहज सापडतात ती जरा स्थिरस्थावर असतात, सवयी बदलणं त्यांना जमतंही जास्त. जी सापडत नाहीत त्यांच्यात नोकरी गेलेले, भाडं परवडेना म्हणून हललेले, आजारी पडलेले असतात. ती सोडून दिलीत तर कार्यक्रम आहे त्यापेक्षा भारी दिसतो.

१०) आकडे बघताना

एक काल्पनिक उदाहरण घ्या. २०० माणसं, पहिल्या फेरीत ६० जण तंबाखू घेणारे, दुसऱ्या फेरीत ५०. बघणारा म्हणतो दहा जणांनी सोडला. एकेका माणसाची दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की दिसतं, १८ जणांनी सोडला आणि ८ जणांनी नव्याने किंवा परत सुरू केला. ही आठ माणसं बेरीज-वजाबाकीत हरवतात, आणि मला विचाराल तर रिपोर्टमधली सगळ्यात कामाची माणसं तीच, त्यांच्याकडे जाऊन काय झालं ते विचारायला हवं. असा चार चौकटींचा तक्ता (आधी हो-नाही, नंतर हो-नाही) करून मॅकनेमार चाचणी लावायची, म्हणजे हा फरक नुसता योगायोग असू शकतो का ते कळतं. इथे १० चा (१८ वजा ८) वर्ग भागिले २६ (१८ अधिक ८), म्हणजे ३.८५, आणि उंबरठा आहे ३.८४, त्याच्या वर गेलं तरच फरक खरा धरतात. अगदी काठावर. छोटी दुरुस्ती लावून, म्हणजे १० ऐवजी ९ चा वर्ग घेऊन केलं तर ३.१२ येतं आणि निकाल उलटतो. म्हणून दुरुस्ती लावायची की नाही हेही आधीच लिहून ठेवायचं.

बीपी, वजन, मिनिटं असलं मोजमाप असेल तर जोडीची टी चाचणी, आणि फेऱ्या तीन किंवा जास्त असतील तर मिक्स्ड मॉडेल, ते संख्याशास्त्राच्या माणसाबरोबर बसून.

अजून एक सापळा. फक्त जास्त बीपीवाले, समजा १४० च्या वरचे, निवडून तीन महिन्यांनी परत मोजले तर काहीही न करता सरासरी खाली येते. कारण त्यातल्या काहींचं बीपी त्या दिवशीच चढलेलं असतं, जिना चढून आले, घरात भांडण झालं, काहीही. त्यामुळे तुलनेचा गट नसेल तर "बीपी ८ ने उतरलं" अशा वाक्यांना काही किंमत नाही.

गळालेल्यांचं काय करायचं? पहिल्या फेरीतली त्यांची माहिती आपल्याकडे असतेच, वय, काम, तंबाखू. राहिलेले आणि गेलेले शेजारी ठेवून तक्ता द्या. तंबाखूच्या अभ्यासात तर जो सापडला नाही त्याने सोडलेला नाही असंच धरून एक हिशोब करायची पद्धत आहे. तसा करा आणि दोन्ही आकडे द्या.

११) रिपोर्ट

दोन्ही फेऱ्या कुठल्या महिन्यात झाल्या, किती जण गाठले, किती गळाले आणि का, प्रश्न नेमका काय विचारला, हे पहिल्या पानावर. रंगीत चार्ट नंतर. वस्तीतही निकाल सांगायला जा, मंडळाच्या मांडवात किंवा बचत गटाच्या बैठकीत, साध्या भाषेत आणि कुणाचंही नाव न घेता. नाव आणि कोडची यादी किती वर्षं ठेवणार ते संमतीपत्रात लिहिलेलं असतं, ती तारीख आल्यावर ती खरंच पुसा. पुढची फेरी होणार असेल तर रजिस्टर, कोऱ्या फॉर्मची एक प्रत, चित्रांची कार्डं आणि वजनकाट्याचं मॉडेल कुठलं होतं त्याची चिठ्ठी एका फाईलमधे घालून ऑफिसात अशा माणसाकडे द्या जो वर्षभरात नोकरी सोडणार नाही.